वही तिच्याकडे फिरव

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी घरीच ब्लाउज शिवते. हात बरा आहे, तोंड मात्र उघडत नाही. लग्नसराईत बाया रात्री ९ वाजता कापड घेऊन येतात, "उद्या हळद आहे जी, आजच पाह्यजे" म्हणतात. मी मान डोलावते. नेताना म्हणतात, "कापूस निघाला की देतो." नात्यातल्या बायांना तर पैसे मागताच येत नाहीत. बोलायला कसं शिकू?

उत्तर : नको शिकू, बाई. आर्वीकडच्या एका खेड्यात मीही २२ वर्षं मशीन चालवली. टाचण्या ओठांत धरायचे, म्हणजे बोलावंच लागत नसे.

चूक कुठे व्हायची सांगू? ब्लाउज नेताना पैशाचं काढायचे. वस्तू तिच्या हातात गेल्यावर कोण ऐकतं? माप घेताना तिला तुझी गरज असते, तेव्हाच वही काढ. माप, शिलाई, अगाऊ किती, देण्याचा दिवस, सगळं तिच्यासमोर लिही आणि वही तिच्याकडे फिरव. "सोमवारी मिळेल," एवढंच म्हण. मग गप्प. ते तर तुला येतंच! बोलक्या बाया इथेच फसतात. पोराला ताप आहे, लाइट गेली होती, अशी कारणं देतात आणि समोरची प्रत्येक कारणावर तोड काढते.

अस्तर, दोरा, हूक तू रोखीनं आणतेस, तेव्हा निदान तेवढे पैसे आधी घे. वैशाखात शिवलेल्या ब्लाउजचे पैसे कापसावर ठेवले की दिवाळी उलटते. पुढे भाव चढेपर्यंत कापूस घरातच, तुझी शिलाईही त्याच गंजीत. रोजानं जाणाऱ्या बायांचं वेगळं. त्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात येते, त्यांच्यापुढे तोच वार लिही. त्यांनी माझे पैसे क्वचितच बुडवले. बुडवले ते वाड्यातल्यांनी.

जावा-नणंदांना मी दिवाळीला एकेक ब्लाउज माझ्याकडून द्यायचे. बाकीचे दारावरच्या पाटीच्या भावानं. दोघी वर्षभर रुसल्या, मग आल्या.

रात्रीची हळदवाली येईलच. तिच्याशी दारातच बोल, पण पिशवी हातात घेऊ नकोस. मी घ्यायचे, आणि मग पहाटेपर्यंत हूक लावत बसायचे.