‘रेकॉर्ड शॉट आहे’ म्हणाले, आणि कॅमेरा कपाटात गेला

“फोटो पाठवला की घरचे ‘मस्त’, ‘लय भारी’ म्हणतात; त्यातून शिकायला काही मिळत नाही. जाणकाराला विचारावं तर तो एका ओळीत पाणउतारा करतो. मग सुधारायचं कसं?” हौशी छायाचित्रकारांकडून हा प्रश्न वारंवार येतो. चाळिशी-पन्नाशीत गाणं किंवा चित्रकला शिकायला लागलेल्यांची अडचणही फारशी वेगळी नसते. माझ्या समुपदेशनातल्या एका केसच्या आधारे उत्तर देते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

५२ वर्षांचे गृहस्थ, नाशिकजवळच्या एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणात, वरिष्ठ पदावर. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर त्यांनी क्रॉप सेन्सरचा, म्हणजे तुलनेने लहान सेन्सरचा, कॅमेरा आणि १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. हिवाळ्यातले रविवार नांदूर मध्यमेश्वरला जाऊ लागले. निफाड तालुक्यातलं, गोदावरी-कादवा संगमाजवळचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. थंडीत तिथे बदकांची आणि करकोच्यांची रेलचेल असते. फोटो दोन ठिकाणी जायचे: नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि पक्षी टिपणाऱ्यांच्या ग्रुपवर.

या दुसऱ्या ग्रुपवर त्यांनी उडत्या चित्रबलाकाचा, म्हणजे रंगीत करकोच्याचा, फोटो टाकला. एका ज्येष्ठ सदस्याने लिहिलं, “सॉफ्ट आहे. रेकॉर्ड शॉट.” ‘सॉफ्ट’ म्हणजे पुसट. आणि पक्षी टिपणाऱ्यांच्या भाषेत ‘रेकॉर्ड शॉट’चा अर्थ असा, की पक्षी दिसला याची नोंद झाली, फोटो म्हणून त्यात काही नाही. खाली दोघांनी अंगठा दिला.

त्यानंतर ते नांदूरला गेलेच नाहीत. रात्री उशिरापर्यंत तीच ओळ उघडून बघायची, अंगठा देणाऱ्यांचे फोटो काढून त्यात खोट शोधायची, आणि सकाळी घरात चिडचिड. माझ्याकडे ते पत्नीच्या आग्रहाने आले, तेही ‘झोप लागत नाही’ या तक्रारीवर. फोटोचा विषय बराच वेळाने निघाला. तोवर त्यांचा बेत ठरत आला होता: काही लाखांची प्राइम लेन्स (एकाच लांबीची, झूम न होणारी) घ्यायची, नाहीतर सगळं विकून टाकायचं. असे दोन टोकांचे बेत मी बरेच ऐकते. महागडी लेन्स हा पुष्कळदा टीकेला उत्तर न देता गप्प करण्याचा प्रयत्न असतो. पण पुढची टीका लेन्सच्या किमतीसकट येते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांच्या कामामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. तिच्यात घटना, घटनेबद्दलची समजूत आणि परिणाम अशी तीन रकान्यांची मांडणी करतात. या गृहस्थांना मधला रकाना भरायला सांगितलं. आधी “त्यांनी अपमान केला” असं लिहिलं. ती घटनाही नव्हती, समजूतही नव्हती, निष्कर्ष होता. पुन्हा विचारल्यावर कागदावर उतरलं ते असं: ‘मी पहाटे चारला उठून गेलो होतो, त्याची कदर व्हायलाच हवी होती. एवढा खर्च करून असा फोटो येत असेल, तर या वयात मला काही जमणार नाही.’

पहिल्या वाक्यात इतरांकडून मागणी आहे, दुसऱ्यात एका फोटोवरून सगळ्या माणसाची किंमत ठरवली आहे. हे समजावून सांगण्यात मी वेळ घालवला नाही. त्यांना विचारलं, “तुमच्याकडे एखादी बॅच तपासणीत फेल झाली, तर काय करता?”

इथे त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, “मॅडम, आधी ओओएस उघडतो. आऊट ऑफ स्पेसिफिकेशन, म्हणजे निकषात न बसलेल्या निकालाची चौकशी. पहिल्यांदा लॅबचीच चूक नाही ना ते बघायचं. नमुना बरोबर घेतला होता का, उपकरणाचं कॅलिब्रेशन होतं का, पद्धत पाळली का. तिथे काही सापडलं नाही तर मग उत्पादनाकडे जायचं. मूळ कारण शोधायचं आणि कापा लिहायचा, म्हणजे झालेली चूक कशी दुरुस्त करणार आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.”

“आणि ऑपरेटर नालायक आहे, असं कुठल्या रकान्यात लिहिता?”

“तसा रकाना नसतो.”

चित्रबलाकाच्या फोटोचा ओओएस त्यांनी घरून करून आणायचा, असं ठरलं. पुढच्या भेटीत ते लॅपटॉप आणि दोन पानी अहवाल घेऊन आले. तो अहवाल इथे थोडा विस्ताराने सांगते, कारण छायाचित्रण शिकणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

पहिला शोध नमुन्याचा. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो. पिसांचे बारीक तपशील त्यातच जातात. शिवाय शटर (ते किती वेळ उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील) ही माहितीही फोटोसोबत पोचत नाही. म्हणजे ज्येष्ठ सदस्याने मूळ फोटो पाहिलेलाच नव्हता. उपाय सोपा आहे: तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, मग फाइल आहे तशी जाते. मात्र तोच फोटो एखाद्या खासगी ठिकाणचा असेल आणि कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये जीपीएस चालू असेल, तर जागेचा पत्ताही सोबत जातो. पक्ष्याच्या घरट्याबाबत तर हे कटाक्षाने टाळावं.

पण तेवढ्याने सुटका नव्हती. लॅपटॉपवर मूळ फोटो शंभर टक्के मोठा केला तेव्हा करकोच्याचा डोळा खरोखरच पुसट होता. ‘सॉफ्ट’ हा शेरा बरोबर होता. हे त्यांनी स्वतः तोंडाने म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं. टीका करणारा उद्धट होता म्हणून टीका खोटी ठरत नाही.

मग मूळ कारण. फोटो १/३२० सेकंद, एफ/११, आयएसओ ४०० वर, ६०० मिलिमीटरला, हातात धरून काढलेला. जुना ठोकताळा असा की शटर निदान ‘एक भागिले लेन्सची लांबी’ इतकं जलद हवं, आणि क्रॉप सेन्सरला त्यात दीडपट धरायची: इथे १/९०० सेकंद. लेन्समधलं स्थिरीकरण हाताचा कंप सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२००० लागतं. मग शटर एवढं मंद का ठेवलं? कारण “आयएसओ वाढवला की दाणे येतात” असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि “एफ/११ वर लेन्स धारदार असते” असं आणखी कुणीतरी.

त्यांनीच हिशेब मांडला. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. एफ/११ वरून एफ/६.३ वर आलं की साधारण दीड स्टॉपपेक्षा थोडा जास्त प्रकाश मिळतो. १/३२० वरून १/२००० वर गेलं की पावणेतीन स्टॉपच्या आसपास जातो. फरक उरला जेमतेम एका स्टॉपचा, म्हणजे आयएसओ ४०० ऐवजी ८००. ज्या दाण्यांच्या भीतीने अख्खा हिवाळा पुसट फोटो काढले, ते ८०० वर दिसलेही नसते.

कापामध्ये त्यांनी लिहिलं: मॅन्युअल मोड, १/२०००, एफ/६.३, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ३२००. फोकस सतत मागोवा घेणारा. गडद पाण्यापुढच्या पांढऱ्या पक्ष्याला एक्सपोजर उणे ०.७, नाहीतर पांढरी पिसं जळतात. लख्ख आकाशापुढे असेल तर अधिक १. सकाळी नऊ-साडेनऊनंतर लांबचे फोटो थांबवायचे, कारण ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांब लेन्समध्ये सगळंच लिबलिबीत दिसतं. ती लेन्सची खोट नसते आणि लाखाच्या लेन्सनेही जात नाही. मनोऱ्यावरून खाली बघत काढलेल्या फोटोत पक्षी चिखलाला चिकटलेला दिसतो, म्हणून शक्य तिथे काठावर बसून, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर.

हे सगळं त्यांना आधीपासून शिकता आलं असतं. अडलं होतं ते विचारण्याच्या पद्धतीत. ते एका वेळी १५-२० फोटो टाकायचे, वर लिहायचे, “आजची भटकंती. चार तास चिखलात बसून मिळालेले क्षण. कसे वाटले?” या वाक्याला सभ्य माणूस ‘छान’ म्हणणार आणि तिरसट माणूस ‘रेकॉर्ड शॉट’. चार तासांचा चिखल बघणाऱ्याला फोटोत दिसत नाही. तो मथळ्यात आला की बघणारा मेहनतीला दाद देतो किंवा मेहनतीवर चिडतो. फोटो बाजूलाच राहतो.

१९९६ मध्ये क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावली होती. त्यांच्या मांडणीप्रमाणे लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. कोरडी स्तुती आणि कोरडी टीका, दोन्ही हेच करतात, म्हणून ‘लय भारी’चाही या गृहस्थांना उपयोग नव्हता.

नवी पद्धत आम्ही बसून ठरवली. फोटो तीनच, तेही निवडून. फोटो काढल्यावर निदान दोन दिवस थांबून निवड, कारण त्याच दिवशी पहाटेची थंडी डोक्यात असते आणि प्रत्येक फोटो अप्रतिम वाटतो. प्रत्येक फोटोसोबत सेटिंग आणि एकच प्रश्न, ज्याचं उत्तर फोटोकडे बघूनच देता येईल: ‘डोळा पुरेसा धारदार आहे का?’, ‘मागची वेताची रेघ नजर ओढते का?’, ‘उजवीकडे आणखी जागा सोडायला हवी होती का?’ विचारायचं दोघांना, ग्रुपला नव्हे. त्यातला एक आपल्यापेक्षा दोन-चार वर्षंच पुढे असलेला असावा. फार पुढे गेलेल्यांना आपण कुठे अडखळत होतो ते बहुधा आठवत नाही. उत्तर आलं की त्या दिवशी फक्त ‘धन्यवाद, बघतो’. खुलासा नाही, “लाइटच नव्हता हो” नाही.

आलेल्या शेऱ्यांची ते वहीत विभागणी करू लागले. ‘क्षितिज डावीकडे कललंय’ हा मोजता येणारा दोष. तो सरळ पुढच्या फेरीच्या यादीत. ‘मी असतो तर आणखी जवळून कापला असता’ ही आवड. एकाच माणसाने म्हटली तर नोंद, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी म्हटली तर प्रत काढून तसं कापून बघायचं. ‘तुमच्याकडे नजर नाही’ हा माणसावरचा शेरा. त्याला रकाना नाही. हवं तर उलट विचारायचं, “या फोटोत नेमकं काय बदलू?” उत्तर आलं तर तो शेरा पहिल्या प्रकारात जातो, नाही आलं तर विषय संपला.

एक गृहपाठ त्यांना जड गेला. वाईट फोटो मुद्दाम ग्रुपवर पाठवायचा आणि ‘हा फसलाय, कारण शोधतोय’ असं वर लिहायचं. लाजेची भीती घालवण्यासाठी एलिस असेच व्यायाम देत. आठवडाभर टाळून अखेर त्यांनी तलवार बदकाचा, डोकं चौकटीबाहेर गेलेला फोटो पाठवला. ग्रुपवर चर्चा रंगली, आणि सगळ्यात लांबलचक, मुद्देसूद उत्तर दिलं ते त्याच ज्येष्ठ सदस्याने. हा योगायोग असेल. पण नेमकं विचारलं की तुसडी माणसंही बरेचदा नेमकं बोलतात.

सगळं गोड झालं असं नाही. एका स्पर्धेत त्यांचे चारही फोटो पहिल्याच फेरीत बाद झाले आणि दोन रात्री झोप गेली. स्पर्धेतून सहसा कारण कळत नाही, तो अभिप्राय नसतोच, हे माहीत असूनही गेली. फरक इतकाच पडला, की पुढच्या रविवारी ते नांदूरला गेले. लेन्सचा बेत पुढच्या हिवाळ्यावर ढकलला आहे. झोप उडणं, भूक मंदावणं, कशातच रस नसणं असं रोजच्या रोज दोन आठवडे चाललं असतं, तर मी फोटोवर बोलत बसले नसते, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

शेवटच्या भेटीत त्यांच्या पत्नीने एक प्रश्न विचारला, जो घरोघरी असतो: “अहो, मला यातलं काही कळत नाही. हे फोन पुढे करतात तेव्हा मी काय म्हणू?” त्यांना सांगितलं, तांत्रिक काही म्हणायची गरज नाही. फोटो बघून डोळे मिटा आणि नजर आधी कुठे गेली होती तेवढं सांगा. पक्ष्याऐवजी मागच्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे गेली असेल तर तेच सांगा. आणि बघायची इच्छा नसेल, हातात लाटणं असेल, तर “जेवण झाल्यावर बघते” म्हणा, आणि जेवण झाल्यावर खरंच बघा.