चार वाजता काय करायचं?

"निवृत्त झालो आणि वेळ खायला उठतो. सगळे म्हणतात छंद लावून घ्या, पण कशातच मन लागत नाही." समुपदेशक म्हणून हे गाऱ्हाणं माझ्याकडे सतत येतं. सांगणारे बहुतेक जण घड्याळाच्या काट्यावर आयुष्य काढलेले.

त्यातलेच एक काका. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बँकेतून निवृत्त झालेले. दुपारचे चार वाजले की पोटात खड्डा पडायचा, कारण वर्षानुवर्षं त्याच सुमाराला कॅश टॅली करायची धांदल असे. लेकीने आग्रह केला म्हणून नर्सरीतून गुलाबाची रोपं आणली. सगळी गेली.

"मॅडम, माझ्या हाताला झाड लागत नाही. साधी कुंडी सांभाळता येत नाही, मग माझा उपयोग काय?"

"पाणी किती घालत होतात?"

"सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकवला नाही."

"माती वाळली होती का, ते बघून?"

काका गप्प. मुळांना हवाही लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की ती कुजतात. दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. एवढं कळलं की निम्मी झाडं वाचतात.

माझा कान मात्र 'माझा उपयोग काय' यावर होता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. गुण द्यायचे तर कृतीला द्या, अख्ख्या माणसाला नको, ही त्यांची शिकवण. गुलाब गेले हे खरं, त्यावरून माणूस नापास कसा? काकांना हे पटायचं, पण घरी पोहोचेपर्यंतच.

मग एकदा उठता उठता म्हणाले, "मेलेल्या गुलाबाच्या कुंडीत काहीतरी उगवलंय. उपटून टाकतो."

"काय आहे?"

"कुणास ठाऊक. मी लावलेलं नाही."

"मग राहू द्या. रोज चार वाजता नुसतं बघायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. चांगलं-वाईट नको, दिसेल ते."

वही आली ती तारीखवार, खतावणीसारखी. 'दोन रुंद पानं.' 'नवी पानं समोरासमोर.' 'पेरं फुगीर.' 'कळ्या, सकाळी मिटलेल्या.' आणि मग: '4.40. उमललं! अर्धं पिवळं, अर्धं गुलाबी. वास आहे.'

त्या वहीतलं ते पहिलं उद्गारचिन्ह. मी त्यावर बोट ठेवलं. काका हसले, "अहो, पण यात माझं कर्तृत्व काय?"

"काहीच नाही. तरी मजा आली ना?"

बराच वेळ ते वहीकडे बघत राहिले. "आली खरी."

ती गुलबक्षी होती. मूळची अमेरिका खंडातली, आपल्या परसात पार रुळलेली. दुपार उतरली की उमलते, सकाळी मिटते, एकाच झाडावर दोन-दोन रंग दाखवते. तिची वेळ आणि काकांची वेळ जुळली हा योगायोग. वहीचं श्रेय मात्र मी सोडणार नाही. गुलाब आणले तेव्हा छंदाचीही नोकरी झाली होती, हजेरी आणि निकालासकट. न लावलेल्या रोपात नापास व्हायची सोयच नव्हती, म्हणून कुतूहलाला जागा मिळाली.

तुमचंही असंच होत असेल तर आधी महागडी कलमं आणू नका. तोरणातला सुकलेला झेंडू कुस्करून पेरा, धणे रगडून टाका, कोंब आलेलं आलं मातीत सरकवा. अनोळखी रोप उगवलं तर फुलेपर्यंत थांबा, नाव शोधा, शेजारच्या आजींना विचारा. गुलबक्षीच्या काळ्या बिया विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर त्या वेळीच गोळा करून ठेवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर कुंडी नंतर. आधी मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

काकूंची आता वेगळीच तक्रार आहे. संध्याकाळी फिरायला म्हणून निघतात आणि हे दर कुंपणापाशी थांबतात, 'ही कोणती जात?' म्हणून लोकांच्या बेल वाजवतात.