माउथवॉशने तोंडातले जंतू मरतात, तर हिरड्यांतून रक्त का येत राहते?

तुम्ही लिहिले आहे की क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दोन महिने सकाळ-संध्याकाळ वापरूनही हिरड्यांतून रक्त येणे थांबलेले नाही, उलट दात तपकिरी पडू लागले आहेत. तेव्हा हे औषध जंतू मारते तरी का? मी नाशिकला पंचवटीत दातांचा दवाखाना चालवतो आणि हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. औषध जंतू मारते, पण ते जिथवर पोहोचते तिथलेच.

क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि जिवाणूच्या बाह्य आवरणावर ऋण, त्यामुळे तो रेणू आवरणाला जाऊन चिकटतो. मात्रा कमी असेल तर आवरणातून पोटॅशियमसारखे घटक बाहेर झिरपतात आणि जिवाणूची वाढ खुंटते. मात्रा पुरेशी असेल तर आतला पेशीद्रव साकळतो आणि जिवाणू मरतो. शिवाय चूळ थुंकून टाकल्यावरही हे औषध दातांवर आणि गालाच्या आतल्या अस्तरावर चिकटून राहते व कित्येक तास हळूहळू सुटत राहते. दुसऱ्या काही माउथवॉशांतले सेटिलपिरिडिनियम क्लोराईड हे जंतुनाशकही धनभारितच आहे, पण ते तोंडात इतका वेळ टिकत नाही. थायमॉल, म्हणजे ओव्याला त्याचा वास देणारे द्रव्य, आणि त्याच्यासारखी इतर सुगंधी तेले जिवाणूंचे आवरणच फोडतात.

आता अडचण कुठे येते ते पाहा. गोदाघाटाच्या पायऱ्यांवर धरलेले शेवाळ नुसते पाणी ओतून जात नाही, ते खराट्याने घासावे लागते. दातांवरचा प्लाक हाही तसाच बुळबुळीत थर असतो: जिवाणू स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून बसलेले असतात, आणि औषध वरच्या फळीतल्यांना मारताना तिथेच खर्ची पडते. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या हौशी संशोधकाने स्वतःच्या दातांवरचे किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हाच त्याच्या ध्यानात आले होते की व्हिनेगरची चूळ भरूनही त्या थरातले जीव जिवंत राहतात. प्लाकचे टणक किटण झाले आणि ते हिरडीखाली उतरले, तर तिथे चूळ पोहोचतच नाही. तुमच्या बाबतीत मला हाच संशय आहे.

1970 साली लो आणि श्योट या संशोधकांनी दाखवले की दात न घासता केवळ 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनने दिवसातून दोनदा चूळ भरली तरी प्लाक धरत नाही. पण स्वच्छ दातांवर प्लाक धरू न देणे वेगळे आणि जुना थर काढणे वेगळे, हा भेद जाहिराती क्वचितच सांगतात.

एक चूक मात्र मी जवळजवळ रोज पाहतो. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट हे ऋणभारित द्रव्य असते, जे क्लोरहेक्सिडीनशी जुळून त्याला निष्प्रभ करते. म्हणून दात घासून लगेच चूळ भरणे व्यर्थ जाते, मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा. डागांचे कारणही औषधाच्या याच चिकटपणात आहे: चहातली रंगद्रव्ये त्याला येऊन बिलगतात. जेवणाची चव काही दिवस बदलली तर तीही त्याचीच करणी समजावी.

तेव्हा सध्या हा माउथवॉश थांबवा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर तो साधारण दोन आठवड्यांसाठीच असतो. दंतवैद्याकडून किटण काढून घ्या आणि दोन दातांमधली फट रोज साफ करा. मिसरी लावत असाल, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते तिथे आवर्जून सांगा, कारण हिरड्यांच्या तक्रारींचा या गोष्टींशीही संबंध असतो. डाग दातांच्या पृष्ठभागावरचेच असल्यामुळे किटण काढताना बहुधा तेही निघून जातील.