पाटल्या आईच्या नव्हत्या

'नशा आणि मुंबईतली गुन्हेगारी यांवरच्या आत्मकथनांत बायका कशा रंगवतात?' असं तुम्ही विचारलंय. रडणारी आई, नाहीतर सोन्याच्या मनाची धंदेवाली. बायको असलीच तर सोडून गेलेली. बहिणीला एक ओळ. ती ओळ मी आहे.

१९८७ची गोष्ट, लालबागची चाळ. गिरणी संपानंतर बाबा घरीच. मी एका दुकानात हिशेब लिहायचे. भिशी लागली तेव्हा पाटल्या केल्या, दीड तोळ्याच्या. झोपताना काढून उशाखाली ठेवायचे. पंधरा दिवसांत तिथूनच गेल्या. दादा गर्दवर, म्हणजे हेरॉइनवर होता, त्यामुळे कुठे गेल्या हे विचारायची गरजच नव्हती. चार दिवसांनी आला तो टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास सुरू झालेला, नाक गळतंय, पाय आखडलेत. आईने त्याच्यावर गोधडी घातली आणि मला म्हणाली, "आत्ता काही बोलू नकोस हं." तिचं ते 'आत्ता' काही संपलंच नाही.

पुढे तो सुटला. कित्येक वर्षं क्लीन आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण एका दिवाळी अंकात त्याने अनुभव लिहिला, त्यात विकल्या काय, तर 'आईच्या हातातल्या पाटल्या'! विचारलं तर म्हणतो, "अगं, वाचकाला आई लागते."

हे जुनंच आहे म्हणा. थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकाचं अफूवरचं आत्मकथन १८२१चं. लंडनमध्ये तो भुकेने कोसळला तेव्हा ॲन नावाच्या रस्त्यावरच्या पोरीने स्वतःच्या पैशांनी वाईन आणि मसाला आणून त्याला पाजलं. तिच्यामुळे जगलो म्हणतो, पण आडनाव काही त्याच्याजवळ नव्हतं. विल्यम बरोज या अमेरिकन लेखकाच्या बंदुकीच्या गोळीने त्याची बायको १९५१मध्ये मेक्सिको सिटीत मेली. स्वतःच्या नशेवर लिहिलेल्या १९५३च्या 'जंकी'त ती गोळी नाही.

उलट बाजू हवी असेल तर मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचा. नवऱ्याच्या, म्हणजे कवी नामदेव ढसाळांच्या, दलित पँथर चळवळीचं कौतुक बाहेर चाललेलं असताना घरात काय चाललं होतं, ते त्यात बाई स्वतः सांगते.

आता मी काही अशी सगळी पुस्तकं वाचलेली नाहीत, आणि बाईने लिहिलं म्हणजे खरंच असंही नाही. मीही माझ्याच बाजूने सांगतेय. पण अशी आत्मकथनं वाचताना घरातून काय गेलं याबरोबर ते कोणाचं होतं, हेही बघत जा.

दादा, तुझी लेक तुला हे वाचून दाखवेलच. आईच्या हातात काचेशिवाय कधी काही नव्हतं.