आजीचे आठ

लाडके,

रविवारी फोनवर बोलता बोलता आजी उठली. "आठ वाजले, उपासना आहे," म्हणाली आणि फोन टेबलावर उताणा ठेवून गेली. आपण दोघी भुसावळच्या घरातला पंखा बघत बसलो. तेव्हा तू विचारलंस, "आजीचा देव घड्याळ बघून येतो का?" मी हसले, पण लागलं गं ते.

देव केव्हाही येतो. घड्याळ आपल्यासाठी असतं. आमच्या घरी आठला बसलं की साडेआठला उठायचं. एक भजन, बायबलातला एक अध्याय, प्रत्येकाची एकेक विनंती, शेवटी प्रभूची प्रार्थना. वाचायला लहानांचा नंबर आधी, कारण ते पेंगतात. नानांची प्रार्थना लांबली की आजी खोकायची. आत भरीत गार होत असायचं. वेळ पाळली म्हणून मन लागतंच असं नाही, खोटं कशाला सांगू? पण वेळच नसली की आधी प्रार्थनाच राहते.

वाचनाचंही तसंच. बायबलचे 1189 अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतात. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं गोष्टींच्या ओघात सरतात आणि जानेवारी संपता संपता तिसरं, लेवीय, लागतं. नुसते अर्पणांचे नियम. दोन दिवस चुकतात, सहा अध्याय साचतात, मग लाजेपायी पुस्तकच उघडलं जात नाही. आजी म्हणते, राहिलं ते राहू दे, आजच्या तारखेचं वाच. तू वाचच असं म्हणत नाही मी, पण वाटलं कधी, तर मार्कपासून, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रापासून, सुरू कर. सोळाच अध्याय आहेत.

ईस्टरआधीचा उपवासकाळ तू विचारला नाहीस, तरी सांगते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात, पण म्हणायचं चाळीस, कारण सहा रविवार धरत नाहीत. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास कसला? आमच्याकडे शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत काही खायचं नाही, पाणी मात्र प्यायचं. एप्रिलात तिकडे पारा चाळिशीपार जातो; पाणी सोडलं तर डोकं दुखतं आणि सगळा उपवास चिडचिडीत जातो. तीनला कळण्याची भाकरी आणि ठेचा, तोही पोटभर नाही. वाचलेल्या नाश्त्याचे पैसे डब्यात, चर्चच्या मंडळीतल्या गरजूंसाठी.

आणि तेल! बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे, उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे लोकांना दिसणार नाही. म्हणून आजी त्या दिवशी चापून तेल लावायची. झालं काय, तिचे केस चकचकीत दिसले की गल्लीभर कळायचं, आज हिचा उपवास.

दशमांश, म्हणजे देवासाठी काढलेला कमाईचा दहावा हिस्सा, पगाराच्याच दिवशी पाकिटात जायचा. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हटलं की उरत नाही. माझा इथे बँकेतून आपोआप जातो. चुकत नाही, पण हातालाही लागत नाही. हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑक्टोबरअखेर मँचेस्टरची घड्याळं मागे जातील, तेव्हा आजीचे आठ आपल्या दुपारी अडीचला वाजतील. तू फोन दोनला कर. किंवा अडीचलाच कर, आणि तिला सांग, फोन उताणा नको, भिंतीला टेकवून ठेव.

तुझी,
आई