मॉर्फीन दिलं, रुग्ण गेला. मुलगा म्हणतो केस करतो

प्रश्न: मी कर्करोगाच्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करणारी परिचारिका आहे. तोंडाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात असलेल्या आजोबांना वेदना असह्य झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे 5 मिलीग्रॅम मॉर्फीन दिलं. तीन तासांनी ते गेले. 'इंजेक्शन देऊन मारलं' म्हणत मुलगा पोलिसांत जायची भाषा करतोय. संस्थेतल्या मॅडम म्हणतात, ऑर्डर आधीच लेखी होती असं फाइलमध्ये लिहून टाक. काय करू?

उत्तर: सिस्टर, जुन्या नोंदीत एक अक्षरही बदलू नका. मुलाच्या धमकीपेक्षा मॅडमचा सल्ला मला जास्त घातक वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, तरी इंजेक्शन देऊन जीव संपवणं आजही गुन्हाच आहे. तुम्ही मात्र वेदना शमवायला औषध दिलंत. रुग्णाच्या संमतीने, त्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम 26 संरक्षण देतं. तेव्हा आजोबांच्या सहीचं संमतीपत्र फाइलमध्ये आहे का, ते आधी बघा.

राहिला निष्काळजीपणा, कलम 106(1). इथे मेख आहे. डॉक्टरला कमाल दोन वर्षं शिक्षा. ही सवलत नोंदणीकृत डॉक्टरांपुरतीच, परिचारिकेला पाच वर्षांपर्यंत. ज्याच्या सांगण्यावरून सुई टोचली त्याला कमी आणि टोचणारीला जास्त, हे मला तरी पटत नाही. पण कायदा असा आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) न्यायालयाने वैद्यकीय हयगय फौजदारी ठरायला ती ढोबळ, म्हणजे अगदी उघड आणि गंभीर, असावी लागते, असं म्हटलंय. 5 मिलीग्रॅम योग्य होतं का, हे तज्ज्ञ डॉक्टर सांगतील, मुलगा नव्हे.

ऑर्डर तोंडी होती, तर तोंडीच लिहा. 'उशिरा केलेली नोंद' असं वर लिहून आजची तारीख-वेळ टाका. फोन किती वाजता झाला, डॉक्टर काय म्हणाले, इंजेक्शन कधी दिलं, त्याआधी श्वासाची गती किती होती, सगळं लिहून सही करा. डॉक्टरांकडून लेखी दुजोरा घ्या. मागच्या तारखेची ओळ कॉल-लॉगशी जुळली नाही, तर तुमचं खरंही खोटं ठरेल, वर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा. अँप्यूलमधलं उरलेलं मॉर्फीन रजिस्टरात साक्षीदाराच्या सहीने दाखवलंय ना, तेही तपासा.

मॅडमना ईमेलवर दोन ओळी कळवा: नोंद बदलणार नाही, उशिराची नोंद करते आहे. पोलिसांची नोटीस आली तर टाळू नका, पण जबाबाला जाण्याआधी वकिलाला गाठा.