‘इन व्हिवो’ : सजीवात की सजीवावर?

प्रश्न असा आला आहे : कंपवात (पार्किन्सन), अल्झायमर यांवरच्या संशोधनाच्या बातम्यांत ‘इन व्हिट्रो’ आणि ‘इन व्हिवो’ हे शब्द सारखे भेटतात. मराठीत त्यांना ‘शरीराबाहेर’ आणि ‘प्राण्यांवर’ म्हटलं तर चालेल का?

इन व्हिट्रोसाठी ‘शरीराबाहेर’ खुशाल वापरा. व्हिट्रम म्हणजे लॅटिनमध्ये काच, त्यामुळे ‘काचनलिकेतील फलन’ असे शब्द आपल्याकडे आले. पण चेतापेशी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या पेशी, आता बहुधा प्लास्टिकच्या तबकडीत वाढवतात. काचेचा हट्ट कशाला?

‘इन व्हिवो’ म्हणजे शब्दशः ‘सजीवात’. त्यासाठी ‘प्राण्यांवर’ मात्र मला खटकतो. एक तर त्यात माणूस वगळला जातो. पेट स्कॅन या प्रतिमा-तपासणीने जिवंत माणसाच्या मेंदूतली डोपामिनची, म्हणजे चेतापेशींमधल्या एका निरोप्या रसायनाची, यंत्रणा पाहतात, तेही इन व्हिवोच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते ‘वर’ या एका अव्ययात दडलेलं आहे. समजा, जिवंत उंदराला औषध दिलं, मग त्याचा मेंदू काढून त्यातलं डोपामिन मोजलं. प्रयोग उंदरावर झाला खरा, पण मोजणी उंदरात झाली नाही. याउलट सूक्ष्म अपोहनात, म्हणजे मायक्रोडायलिसिसमध्ये, मेंदूत बारीक नळी बसवून उंदीर हिंडत-फिरत असतानाच पेशींबाहेरच्या द्रवातली रसायनं गोळा करतात. ही मोजणी खरोखर ‘सजीवात’ झाली. ‘उंदरांवर प्रयोग’ एवढंच लिहिलं की हा फरक पुसला जातो. बातम्यांत तो रोज पुसला जातो, ते सोडा.

कंपवाताचाच इतिहास घ्या. 1957 मध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन हे मेंदूतला डोपामिनचा साठा संपवणारं औषध दिलं, ससे निपचित पडले. एल-डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते रसायन, टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. हे सजीवातलं निरीक्षण. 1960 मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने आजारी असलेल्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटममध्ये डोपामिन फारच कमी आढळलं. हे सजीवात नव्हे, आणि तबकडीतल्या पेशींवरही नव्हे; इथे सरळ ‘मरणोत्तर तपासणी’ म्हणावं. पुढच्याच वर्षी रुग्णांना एल-डोपा देऊन पाहिलं. डोपामिनच का दिलं नाही? ते रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडत नाही, एल-डोपा ओलांडतो. तबकडीत हा अडसरच नसतो, म्हणून तिथे गुणकारी ठरलेलं औषध शरीरात निष्प्रभ ठरू शकतं.

मधली एक जागा उरते. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवलं, त्याची व्हेगस ही हृदयाकडे जाणारी चेता उद्दीपित करून ठोके मंदावले आणि भोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावलं. चेता रसायनातून निरोप देते, हे त्यातून दिसलं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. हृदय शरीराबाहेर होतं, पण जिवंत होतं. अशा प्रयोगांना, मेंदूच्या जिवंत कापांवरच्याही, ‘एक्स व्हिवो’ म्हणतात. त्यासाठी मी ‘विलग अवयवावर’ किंवा ‘विलग ऊतीवर’ लिहितो. इथे ‘वर’ शोभतो.

इन व्हिवोला विशेषण हवं असेल तर ‘सजीवांतर्गत मापन’ ठीक आहे, पण चालत्या वाक्यात ‘जिवंत उंदराच्या मेंदूत मोजलं’ असं लिहिलेलं मला जास्त आवडतं. ‘जैविक प्रयोग’ मात्र नको. तबकडीतली पेशीही जैविकच असते.